बंदुकीचं लायसन्स अवघड आहे तेच बरं आहे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या दोन गोष्टी आलटून पालटून फिरतायत. एक म्हणजे अमेरिकेचा क्राइम रेट भारतापेक्षा कितीतरी जास्त आहे, तेव्हा तिकडच्यांनी आपल्याला शिकवू नये. दुसरी म्हणजे बंदुकीचं लायसन्स अमेरिकेसारखं सोपं करा, तिथल्या दालबाजारातल्या प्रत्येक व्यापाऱ्याकडे पिस्तूल असलं की गुंड आपोआप सरळ होतील. मी ग्वाल्हेरची, आता टेक्ससमध्ये डॅलसजवळ प्लेनोला राहते, आणि हे दोन्ही वाचून गप्प बसवत नाही.

क्राइम रेटचं आधी सांगते. एकूण गुन्ह्यांचा आकडा दोन देशांत लावून बघण्यात काही अर्थच नाही, कारण तो आकडा गुन्हे किती झाले यापेक्षा किती लिहून घेतले गेले हे जास्त सांगतो. आपल्याकडे मोबाइल चोरीला गेला तर पोलीस थाण्यात कितीदा तो हरवला असंच लिहून घेतात, इथे इन्शुरन्ससाठी लोक लगेच पोलिसात रिपोर्ट करतात. शिवाय आपली एनसीआरबी (देशभरातले गुन्हे मोजणारी सरकारी संस्था) एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली तरी सगळ्यात गंभीर असेल तेवढा एकच गुन्हा मोजते. केरळचा रेट कागदावर बिहारपेक्षा जास्त दिसतो, म्हणून काय केरळात राहणं जास्त धोक्याचं आहे का? तिथे तक्रार लिहून घेतात, एवढंच.

खुनाचा आकडा मात्र त्यातल्या त्यात खरा असतो, प्रेत लपवणं सोपं नाही. 2022 मध्ये भारतात 28,522 खून नोंदले गेले, लोकसंख्या 140 कोटी. अमेरिकेत त्याच वर्षी साधारण 21,000, लोकसंख्या 33 कोटी. म्हणजे लाखामागे आपल्याकडे दोन, इथे सहाच्या वर. आपण हुंडाबळी वेगळे मोजतो, ते 6,450 यात धरले (आणि धरायलाच हवेत) तरी आपला आकडा अडीचपर्यंतच जातो. आणि अमेरिकेतल्या चार खुनांपैकी तीन तरी बंदुकीने होतात.

आता इथेच माझं खरं म्हणणं आहे. अमेरिकन माणूस आपल्यापेक्षा रागीट आहे असं मला इतकी वर्षं राहून अजिबात वाटत नाही, उलट रस्त्यावर गाडीला गाडी घासली तर आपल्या ग्वाल्हेरात हजीऱ्याला किंवा कंपूला जो तमाशा होतो तसा मी इथे फारसा बघितला नाही. आपल्याकडे खुनाचं सगळ्यात मोठं कारण काय लिहिलंय बघा, दरोडा नाही, लुटालूट नाही, तर वादविवाद. 2022 मध्ये 9,962 खून निव्वळ भांडणातून, त्यानंतर वैर आणि बदला 3,761, फायद्यासाठी केलेले फक्त 1,884. नाली, पार्किंग, भावाभावांतली जमीन. हे भांडण लाठीवर निघतं तेव्हा चार लोक मध्ये पडतात, डोक्याला टाके पडतात, आणि बहुतेक वेळा माणूस जगतो. त्याच हातात भरलेलं पिस्तूल असेल तर मध्ये पडायला वेळच मिळत नाही.

आणि हे आपल्या भागाला कुणी सांगायची गरज नाही. भिंड, मुरैना, ग्वाल्हेर, सगळीकडे खांद्यावर बारा बोरची बंदूक म्हणजे इज्जत. शिवपुरीत 2008 मध्ये नसबंदी करणाऱ्याला लायसन्स लवकर देण्याची योजना काढली होती, 2019 मध्ये ग्वाल्हेरला दहा झाडं लावा मग अर्ज बघू असं सांगितलं, म्हणजे प्रशासनालाही माहीत आहे की इथला माणूस बंदुकीसाठी काहीही करेल. लग्नात वरातीवर फायरिंग होतं, छतावर उभी असलेली बायका-पोरं जखमी होतात, मरतात. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने अशा फायरिंगला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आला, एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असंही झालं. हे कायदे चांगले आहेत, ते ढिले करा म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

माझा भाचा म्हणतो, मावशी, तुमच्याकडे दुकानात जाऊन घेता येते, इथे आम्ही कलेक्टर ऑफिसच्या चकरा मारून मरतो. हो, घेता येते. दुकानात एक फॉर्म भरायचा, कॉम्प्युटरवर चेक होतो, बरेचदा काही मिनिटांत. ओळखीच्या माणसाकडून घेतली तर टेक्ससमध्ये तेवढंही लागत नाही, आणि 2021 पासून 21 वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल बाळगायला परमिटही लागत नाही. त्याच टेक्ससमध्ये 24 मे 2022 ला युवाल्डीच्या शाळेत 19 मुलं आणि दोन टीचर गेल्या, मारणारा 18 वर्षांचा, दोन्ही रायफली वाढदिवसानंतर काही दिवसांत कायदेशीर विकत घेतलेल्या. पुढच्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या ॲलनमध्ये मॉलवर गोळीबार झाला, आठ जण गेले, त्यात एक भारतीय इंजिनियर मुलगी. प्रत्येकाकडे बंदूक असली की सगळे सेफ, हे खरं असतं तर टेक्सस जगातली सगळ्यात सेफ जागा असती. इथे मुलांना कुणाकडे खेळायला पाठवताना आया विचारतात, घरात बंदूक आहे का, लॉकमध्ये आहे का. विचारावंच लागतं, 2020 पासून या देशात मुलं आणि किशोरवयीनांच्या मृत्यूचं एक नंबरचं कारण बंदूक आहे.

ज्याबद्दल ग्रुपवर कुणीच बोलत नाही ते म्हणजे आत्महत्या. 2021 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसं मेली, त्यातले 26,000 च्या वर स्वतःच्या हाताने. बंदुकीने केलेला प्रयत्न दहापैकी जवळपास नऊ वेळा जीव घेतो, दुसरी संधी मिळत नाही. भारतात बंदुका नसून आत्महत्या होतात हे मान्य, पण श्रीलंकेने सगळ्यात विषारी कीटकनाशकं बंद केली तेव्हा तिथल्या आत्महत्या खूप कमी झाल्या, म्हणजे साधन हाताशी नसण्याने माणसं वाचतात.

गुंडांकडे कट्टा (गावठी पिस्तूल) असतोच, हा मुद्दा मी टाळणार नाही. आपल्या देशात बंदुकीने होणारे बहुतेक खून बिनलायसन्सच्या हत्यारांनी होतात, मुरैनाकडे कट्टे बनतात, खरगोन-बऱ्हाणपूरकडून पिस्तुलं येतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याचा इलाज पोलिसांनी ते कारखाने बंद पाडणं हा आहे. व्यापाऱ्याच्या गल्ल्यात पिस्तूल आलं तर लुटणारा ते पण घेऊन जाईल.

ताई, तुमच्याकडे आजोबांची दुनाली बंदूक अजून कपाटात आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की थाण्यात जमा करता, आणि निकाल लागला की कुणीतरी जाऊन परत आणतं. आजोबांनंतर कुणी चालवलेली नाही, घरात आता सोळा वर्षांचा मुलगा आहे. पुढच्या वेळी जमा केलीत की परत आणू नका, लायसन्स सरेंडर करून टाका, फॉर्म मी इथून भरून देते.