‘माणसाला -एड, वस्तूला -इंग’? हा नियम मुलांना चुकवतोय

इंग्रजीतल्या ‘बोअर्ड’-‘बोअरिंग’सारख्या शब्दांना -एड लावायचं की -इंग, यावर व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र फिरतंय: ‘माणसाबद्दल बोलताना -एड लावा, वस्तूबद्दल बोलताना -इंग. मराठीत असा फरक नसतो, म्हणून पाठच करा. -एड म्हणजे भूतकाळ, हेही विसरू नका.’ सदाशिव पेठेत माझ्याकडे मुलाखतीच्या तयारीला येणाऱ्या मुलांच्या वह्यांतही हे आता उतरवलेलं दिसतं. तिन्ही वाक्यं चुकीची आहेत.

माणूस आणि वस्तू या भेदापासून सुरुवात करू. परवा एका मुलीने शाळेतल्या आवडत्या सरांबद्दल सांगताना ‘ही वॉज अ मोटिव्हेटेड टीचर’ म्हटलं. तिला सांगायचं होतं की सरांमुळे आम्हाला उभारी आली. वाक्यातून कळलं ते एवढंच, की सरांना स्वतःला उभारी होती. मी कारण विचारलं तर म्हणाली, ‘मॅडम, सर माणूस आहेत ना? मग -एड.’ तिला ‘मोटिव्हेटिंग’ हवं होतं. एखादे सर रटाळ शिकवत असतील तर सर बोअरिंग आणि मुलं बोअर्ड. माणसं तर दोघंही आहेत. उलट थकलेले डोळे ‘टायर्ड आइज’ आणि काळजीने भरलेली नजर ‘वरीड लुक’. डोळे आणि नजर काही माणूस नव्हेत. बघायचं ते इतकंच, की भावना कोणात निर्माण झाली आहे आणि ती निर्माण कोण करतंय.

मराठीत हा फरक नाही, हे वाचून तर मला वाईटच वाटलं. कंटाळवाणं भाषण आणि कंटाळलेले श्रोते यांत आपली कधी गफलत होते का? आतकरवाडीतून सिंहगड चढून वर टेकलेला माणूस चढाला दमवणारा म्हणतो आणि स्वतःला दमलेला. चढ टायरिंग, आपण टायर्ड.

घोळ होतो तो वेगळ्याच जागी. ‘-इंग म्हणजे -णारा’ असं मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं. पण मराठीत दमणं वेगळं, दमवणं वेगळं. इंग्रजीतले ‘बोअर’, ‘सरप्राइज’, ‘एक्साइट’ हे शब्द आपल्या दमवण्याच्या जातीचे आहेत: कंटाळा आणणं, चकित करणं, उत्तेजित करणं. म्हणून ‘बोअरिंग’ म्हणजे कंटाळणारा नाही, कंटाळा आणणारा. हे निसटलं की मुलगा मुलाखतीत ‘आय अ‍ॅम इंटरेस्टिंग इन धिस जॉब’ म्हणून जातो. त्याला या नोकरीत रस आहे, पण सांगून बसतो की मीच मोठा रंजक माणूस आहे.

यावरचा उपाय आपल्या रोजच्या बोलण्यातच आहे. ‘माझं डोकं कन्फ्यूज झालंय’ आणि ‘तू मला कन्फ्यूज करतोयस’ हे आपण सहज बोलतो. ‘झालंय’ आलं की कन्फ्यूज्ड, ‘करतोयस’ आलं की कन्फ्यूजिंग. वाक्य आधी मनात मराठीत म्हणा आणि ‘झालं’ येतंय की ‘करतंय’ ते ऐका. मी वर्गात हेच करून घेते, आणि आठवडाभरात मुलं अडखळायची थांबतात.

राहिला भूतकाळ. ‘आय अ‍ॅम बोअर्ड’ हे आत्ताचं आहे, ‘आय विल बी बोअर्ड’ उद्याचं. काळ सांगायचं काम ‘अ‍ॅम’, ‘वॉज’, ‘विल बी’ करतात; इथल्या -एडचा त्याच्याशी संबंध नाही. आत्ता कंटाळा येतोय म्हणून ‘आय अ‍ॅम बोअरिंग’ म्हणणारी मुलं याच समजुतीने फसतात.

पाठ करायचंच असेल तर एक गोष्ट जरूर करा. ‘करणाऱ्या’च्या जागी दरवेळी -इंग येत नाही. इम्प्रेस झालेला इम्प्रेस्ड, पण इम्प्रेस करणारा इम्प्रेसिव्ह. घाबरलेला स्केअर्ड, पण घाबरवणारं स्केअरी. आनंदलेला डिलाइटेड, आनंद देणारं डिलाइटफुल. असे शब्द भेटतील तसे वहीत लिहीत जा, त्या चित्रातला नियम खोडून त्याच पानावर.