‘सरकारी जावई’ म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब बघावा

सातारा-सांगलीच्या गावागावांतल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो. त्याचा मथितार्थ असा: फौजी म्हणजे सरकारी जावई. १७ वर्षांनी घरी, लगेच पेन्शन, १५ टक्के कोट्यातून पक्की नोकरी, दवाखाना फुकट. त्यात सैन्यात माणसं कमी, म्हणून बढतीही झटपट. अग्निवीरालाही हेच सगळं. यातलं बरंचसं अर्धं खरं आहे, म्हणूनच तो इतका पसरतो.

“माणसं कमी, म्हणजे बढती लवकर”

कोविडच्या नावाखाली २०२० ते २०२२ भरती थांबली आणि सैन्यातली तूट एक लाखावर गेली. पण भरती थांबली की रिकाम्या राहतात त्या खालच्या, शिपायाच्या जागा. हवालदाराची जागा निघते ती वरचा हवालदार पुढे सरकला किंवा घरी गेला तरच, आणि त्यासाठी प्रमोशन केडर, म्हणजे बढतीचा कोर्स, पास असावा लागतो. त्यामुळे तुटीतून बढतीची फीत मिळत नाही, ड्यूटी मिळते.

ड्यूटीचं गणित सोपं आहे. एक पहाऱ्याची पोस्ट चोवीस तास चालवायला तीन जवान लागतात: दोन तास पहारा, चार तास सुट्टी. एक जण कमी झाला की दोन तास पहारा, दोन तास सुट्टी. त्या दोन तासांत जेवण, अंघोळ, हत्यार साफ करणं आणि उरली तर झोप. रजा कागदावर तेवढीच राहते, ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ. पण ती तुकड्यातुकड्यांनी मिळते, आणि किरकोळ रजा वर्षअखेर बुडते.

गावाला न दिसणारं नुकसान वेगळंच आहे. सेवेच्या शेवटच्या दोन वर्षांत निवृत्तीनंतरच्या नोकरीसाठी पुनर्वसन महासंचालनालयाचे २४ आठवड्यांपर्यंतचे कोर्स करता येतात. तुकडीत माणसंच कमी असतील तर इतके दिवस जवान सोडायचा कुणी? अभ्यास, कोर्स, कागद दुरुस्ती, सगळं याच दोन वर्षांत बसवायचं असतं आणि तूट नेमकी तीच वर्षं खाते.

“कोट्यातून पक्की नोकरी”

राज्यात माजी सैनिकांना १५ टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं, आरक्षण आहे, वयातही सैनिकी सेवा अधिक तीन वर्षे अशी सवलत आहे. मात्र परीक्षा द्यावीच लागते. योग्य उमेदवार नसेल तर जागा त्याच प्रवर्गातल्या इतरांना जाते, पुढच्या भरतीसाठी राखून ठेवत नाहीत. २०२३ च्या तलाठी परीक्षेत २०० पैकी ५० गुण मराठीचे होते. १७ वर्षं हिंदीत हुकूम घेतलेल्या माणसाला समास आणि प्रयोग नव्यानं शिकावे लागतात, हे आपल्या अकॅडम्यांच्या जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

केंद्राच्या नोकरीत आणखी एक खाच आहे. आरक्षणातून एका नागरी नोकरीवर रुजू झालात की सवलत संपते. पुढच्या पदासाठी ती हवी असेल तर पहिल्या नोकरीवर हजर होण्याआधी कुठे कुठे अर्ज केलेत त्याची तारीखवार यादी स्वयंघोषणापत्रात द्यावी लागते. बँकेतली पहिली ऑर्डर हातात पडल्याच्या आनंदात हे हमखास राहून जातं.

“पेन्शन म्हणजे पोतंभर पैसा”

मूळ पेन्शन २०,००० धरा. निम्मी विकली, म्हणजे कम्युट केली, तर त्या वयाला गुणक ९ च्या आसपास असतो: १०,००० × १२ × ९ = १० लाख ८० हजार हाती. त्याबदल्यात १५ वर्षे दरमहा १०,००० कापले जातात, एकूण १८ लाख. महागाई भत्ता पूर्ण मूळ पेन्शनवर मिळतो, तेवढा दिलासा. घरकर्ज फेडायचं असेल तर हा व्यवहार समजू शकतो. गाडी किंवा लग्नाच्या मांडवासाठी तो तोट्याचा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

“दवाखाना फुकट”

ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेसाठी निवृत्तीवेळी हुद्द्यानुसार एकरकमी वर्गणी भरलेली असते. एरवी आधी पॉलिक्लिनिकचं, म्हणजे योजनेच्या दवाखान्याचं, रेफरल घ्यायचं, मगच यादीतलं रुग्णालय. तातडीच्या वेळी यादीबाहेर भरती झालात तर ४८ तासांत कळवायचं. मुलगा २५ वर्षांचा झाला, कमावू लागला किंवा त्याचं लग्न झालं, यातलं जे आधी घडेल तेव्हा तो योजनेबाहेर पडतो.

“अग्निवीरालाही हेच”

नाही. चार वर्षं, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिक दर्जा नाही, म्हणून ईसीएचएस नाही. २५ टक्क्यांपर्यंतच कायम होतात. शेवटी एकरकमी मिळणाऱ्या सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख करमुक्त आहेत, पण त्यातले ५.०२ लाख त्याच्याच पगारातून दरमहा ३० टक्के कापलेले असतात. तेवढेच सरकार घालतं, उरलेलं व्याज.

आणि ज्यांची दोनेक वर्षं उरलीत त्यांनी आजच पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्न-मुलांसारख्या बदलांची सेवा-नोंद, तपासावी. लग्नानंतर बायकोचं नाव आधारवर बदललं आणि रेकॉर्ड ऑफिसात माहेरचंच राहिलं, की पीपीओ (पेन्शनचा आदेश), स्पर्श (पेन्शनचं पोर्टल) आणि ईसीएचएस कार्ड तिन्हीकडे ते अडकतं. युनिटमध्ये असताना ही दुरुस्ती क्लार्कच्या टेबलावरून पुढे जाते. घरी आल्यावर प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या फेऱ्या.