प्रेम केल्याशिवाय विडंबन जमत नाही

परवा रात्री वडिलांसोबत 'लेमोनेड जो' पुन्हा पाहिला. १९६४चा चेकोस्लोव्हाक सिनेमा, वेस्टर्नचं म्हणजे अमेरिकन काउबॉयपटांचं विडंबन. दिग्दर्शक ओल्डरिख लिप्स्की. नंतर त्याच्याबद्दल वाचत बसलो आणि वाईट वाटलं. 'कम्युनिस्ट राजवटीत उडवलेली अमेरिकेची खिल्ली' एवढ्यावरच लोक याची बोळवण करतात. मला हे अजिबात पटत नाही.

गोष्ट ॲरिझोनातली, साल १८८५. स्टेटसन सिटी नावाचं गाव, रात्रंदिवस व्हिस्की आणि मारामारी. म्हातारा गुडमन आणि त्याची लेक विनिफ्रेड दारू सोडा म्हणून कंठशोष करतायत, पण ऐकतो कोण! अशात सलूनमध्ये, म्हणजे तिथल्या दारूच्या गुत्त्यात, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला एक काउबॉय, आपला लेमोनेड जो, येतो आणि 'कोलालोका' लेमोनेड मागतो. नेम असा की एक गोळी वाया जात नाही. व्हिस्की पिणाऱ्याचा हात थरथरतो, लेमोनेड पिणाऱ्याचा नाही, हे बघून अख्खं गाव लेमोनेडवर येतं. पुढे कळतं की हा वीर त्या कंपनीचाच माणूस, माल खपवायला निघालेला.

टोला आहेच, आणि तो जाहिरातबाजीच्या वर्मी बसतो. पण म्हणून हा सिनेमा वेस्टर्नचा दुस्वास करतो, असं कसं म्हणायचं? सुरुवातीलाच तो वाइल्ड वेस्टच्या रांगड्या वीरांना अर्पण केलाय. मूळ लेखक यिर्झी ब्रदेच्का. नाझींनी १९३९ साली चेक विद्यापीठं बंद केली, तेव्हा हा विशीतला विद्यार्थी होता. त्याच सुमारास त्याने एका नियतकालिकासाठी जोच्या गोष्टी लिहिल्या. डोक्यावर परकी सत्ता, आणि हा पोरगा मोकळ्या माळरानावरच्या घोडेस्वारांबद्दल लिहितोय! त्याला मी तरी टवाळी म्हणणार नाही.

आणि हे वेड त्याच्या एकट्याचं नव्हतं. पहिल्या महायुद्धानंतर प्रागची तरुण मुलं शनिवार-रविवारी गिटार घेऊन नदीकाठच्या जंगलात जायची, काउबॉयसारख्या टोप्या घालायची, आपल्या तळांना अमेरिकन नावं द्यायची, शेकोटीभोवती गाणी म्हणायची. ट्रॅम्पिंग म्हणतात त्याला. हा सिनेमा त्याच मातीतला आहे.

ते प्रेम पडद्यावर दिसतं. चित्रण कृष्णधवल, पण मूकपटांच्या काळी करायचे तशी त्यावर रंगाची छटा दिलेली. सलून पिवळसर, रात्र निळी. मारामारी सुरू झाली की सगळी माणसं मूकपटासारखी भराभर पळायला लागतात. ज्याने ते जुने सिनेमे जीव लावून पाहिलेत त्यालाच हे सुचेल. आणि खलनायक होगोफोगो झालेला मिलोश कोपेत्स्की! वेषांतर करून येतो तेव्हा नजर त्याच्यावरून हटत नाही. दुष्टपणा एवढ्या चवीने करणारा नट मी फार कमी पाहिलाय.

जोची भूमिका कारेल फियालाची. हा स्वतः ऑपेरेटाचा, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतिकांचा गायक, तरी पडद्यावर त्याच्यासाठी गायलाय तरुण कारेल गॉट, जो पुढे अख्ख्या देशाचा लाडका गायक झाला. आवाज एकाचा, चेहरा दुसऱ्याचा, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. लेमोनेड जो सूर लावतो तेव्हा तो मनापासून लावलेला असतो. गाण्यात थट्टा असेल, गळ्यात नाही. म्हणून ती गाणी एवढ्या वर्षांनीही ऐकावीशी वाटतात.

(शेवट ज्यांना कळायला नको त्यांनी इथेच थांबा.)

वडिलांना सबटायटल वाचायचा कंटाळा, मधूनमधून डुलक्या काढत होते. शेवटी गोळ्या लागून मेलेली माणसं कोलालोकाने उठून बसली, तेव्हा ते सावरून बसले. मग जन्मखुणा निघाल्या. जो, होगोफोगो, सलूनवाला डग आणि गाणारी टोर्नाडो लू, चौघं सख्खी भावंडं! आमचे बाबा टाळी देऊन म्हणाले, "अरे, ही तर एकाच पोटची पोरं निघाली सगळी!" भावंडांनी व्हिस्की आणि कोलालोका एकत्र करून 'व्हिस्कोला' काढली, तोवर बाबांची झोप पार उडाली होती. मग मला म्हणाले, "ते पहिलं गाणं परत लाव."