एमजीला स्विफ्टचे टायर: पुण्याच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

माझ्या टायरच्या लेखावरच्या प्रतिक्रियेखाली नाव तुम्ही लिहिलेलं नाही. पण "पुण्याहून लिहितोय" आणि "तुझ्या जन्माआधीपासून गाड्या हाकतोय", असं दोन्ही लिहिलंत, तेव्हा काका म्हणायची मोकळीक घेतो. अरेतुरे केलंत त्याचं काही वाटलं नाही. "टॅक्सीचे टायर" म्हणालात त्याचं थोडं वाटलं, म्हणून उत्तर लांबलंय.

ज्यांनी आधीचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी: मी नाशिकचा, माझ्याकडे १९६७ ची एमजी-बी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, उघडी, तारांच्या चाकांची. मारुती स्विफ्टच्या खालच्या मॉडेलांना यायचे त्या मापाचे, म्हणजे १६५/८० आर १४ (रुंदी १६५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची), असे नवे टायर मी तिला घातले आणि तसं इथे लिहिलं. काकांचं म्हणणं असं, की ब्रिटिश स्पोर्ट्स कारला असले टायर म्हणजे पैठणीवर रबरी चप्पल. परवडत नसेल तर गाडी विकावी, नाहीतर पिरेली किंवा मिशेलिनचे जुन्या नक्षीचे टायर मागवावेत. भरपूर ग्रिप, म्हणजे नक्षीची खोली, शिल्लक असलेले आधीचे परदेशी टायर काढून टाकणं हा माज. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालणं हा अडाणीपणा. आणि १८५/६५ पण चालतो असं मी लिहिलंय ते साफ चूक.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. १६५/८० आर १४ चा व्यास भरतो साधारण ६२० मिलिमीटर, १८५/६५ आर १४ चा ५९६. चोवीसचा फरक म्हणजे गाडी बारा मिलिमीटर खाली बसली. हिचा सायलेन्सर आधीच आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरला नमस्कार करत जातो, तिथे बारा मिलिमीटर म्हणजे चेष्टा नाही. शिवाय काट्यावर ८० दिसतात तेव्हा गाडी जाते ७७ ने, आणि पाचवा गिअर नसलेलं इंजिन हायवेवर जास्त ओरडतं. मी रुंदी पाहिली, रिमवर बसतो एवढं पाहिलं आणि लिहून मोकळा झालो. ती ओळ काढली आहे. रुंद टायर हवाच असेल तर १८५/७० आर १४ घ्यावा, त्याचा व्यास ६१५ च्या आसपास येतो. मला स्वतःला तो नको. हिचं स्टिअरिंग पॉवरचं नाही, पार्किंगमध्ये दंड भरून येतात.

आता जुन्या टायरांचं. तुम्ही फोटो बघून लिहिलंत की ग्रिप अर्ध्याहून जास्त होती. होती ना! सात मिलिमीटरच्या आसपास होती. गाडी घेतली तेव्हा मलाही तेच दिसलं आणि मीही खूश झालो होतो. आधीच्या मालकांनी देवळाली कॅम्पातल्या गॅरेजमध्ये ती वर्षानुवर्षं झाकून ठेवली होती. टायर परदेशी, नाव मोठं, वापर जवळजवळ शून्य.

मग जुलैत कसारा घाट उतरत होतो. पाऊस भुरभुर, वेग चाळीसच्या आत. पुढचा टेम्पो थांबला, मी ब्रेक दाबला. चाकं जाम झाली आणि गाडी ओल्या साबणावर ठेवल्यासारखी सरकत राहिली. टेम्पोच्या फळीवर लिहिलेलं "आईचा आशीर्वाद" मला सावकाश मोठं मोठं होताना दिसत होतं. हातभर अंतर उरलं. टेम्पोवाल्याला पत्ताही नाही.

घरी आल्यावर गाडीखाली आडवा झालो. टायरवर डीओटी या अक्षरांच्या पुढे आकडे असतात आणि त्यातले शेवटचे चार बनवल्याची तारीख सांगतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुष्कळदा हा पूर्ण आकडा टायरच्या एकाच बाजूला असतो, आणि माझ्या नशिबाने तो चारही चाकांना आतल्या बाजूला बसवलेला. मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून वाचला: २३०९. म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा, जूनचा पहिला. टायर नव्यासारखा दिसत होता एवढंच, वयाने तो म्हातारा होता.

नखाची परीक्षा तुम्हीही करून पाहा. ताज्या टायरच्या नक्षीत अंगठ्याचं नख रोवलं तर जरा आत जातं आणि खूण लगेच भरून येते. माझ्या त्या टायरवर नख रोवलं तर बादलीवर रोवल्यासारखं वाटलं. नक्षीच्या ठोकळ्यांच्या मुळाशी केसासारख्या भेगा होत्या, टायर दाबल्याशिवाय न दिसणाऱ्या. रबरात ओझोनपासून बचाव करणारं मेण मिसळलेलं असतं. टायर फिरतो, दबतो, तसं ते वर येत राहतं. उभ्या गाडीच्या टायरला तेवढंही मिळत नाही, वर आपल्याकडचा चाळिशीतला उन्हाळा. म्हणून "वापरलाच नाही" ही टायरची तारीफ नाही, काका. श्रीखंड फ्रीजबाहेर किती दिवस ठेवलं हेही विचारावं लागतं, नुसतं डबा उघडला नव्हता म्हणून चालत नाही. ब्रिटनने २०२१ च्या फेब्रुवारीपासून ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांपेक्षा जुने टायर वापरायलाच बंदी केली आहे, ग्रिप कितीही असो. माज म्हणा हवं तर, पण ते टायर मी पुन्हाही काढून टाकीन.

तारखेचा हा धडा नवे घेतानाही कामी आला. शहरातल्या एका दुकानात "एकदम फ्रेश माल" म्हणून चार टायर पुढे आले, त्यातल्या दोघांवर चार वर्षांपूर्वीची तारीख. दाखवली तर दुकानदार म्हणाला, साहेब, हे तर कोणी बघतच नाही. मी गॉगल काढून बघितलं आणि निघालो. शेवटी इथल्या द्वारका चौकाजवळ जे मिळाले ते तीन महिन्यांपूर्वीचे होते. चौघांची तारीख एकमेकांच्या दोन आठवड्यांच्या आत.

आता मुख्य भांडण. पिरेलीचा चिंटुराटो त्याच जुन्या नक्षीत आजही नवा बनतो, मला माहीत आहे. नवा कोरा चिंटुराटो ओल्या रस्त्यावर माझ्या टायरपेक्षा चांगला धरेल, हेही मान्य. स्विफ्टच्या टायरचं रबर पेट्रोल वाचावं आणि पन्नास हजार किलोमीटर जावं अशा बेताने बनवलेलं असतं, चिकटपणा हा त्याचा पहिला गुण नाही. पण तुम्ही "मागव की" असं लिहिलंत, जणू मेन रोडवर जाऊन शेव-चिवडा आणायचाय. २०२० च्या जूनपासून नव्या टायरांची आयात सरकारने मुक्त यादीतून काढून निर्बंधित यादीत टाकली आहे, त्याला परवाना लागतो. त्यावर आयएसआय चिन्हाची सक्ती आहे. चार टायरांसाठी कुठला सामान्य माणूस हे करणार? मग उरतात ते कुणाच्या तरी गोदामात आधीपासून पडलेले. म्हणजे पुन्हा २३०९.

आणि पैशांचं सांगूनच टाकतो. चार टायर, चार ट्यूब, बसवणं, बॅलन्सिंग मिळून माझे एकोणीस हजार गेले. तुम्ही सांगता त्या टायरला तिकडे ब्रिटनमध्येच एकाला शंभर पाउंडांच्या बरंच वर पडतात, भाडं आणि कर वेगळे. त्या फरकात मी ब्रेकचे सगळे रबरी पाइप आणि मागच्या ड्रमचे सिलिंडर बदलले. कसाऱ्यातल्या त्या टेम्पोच्या दृष्टीने हा हिशोब बरा आहे.

"टॅक्सीचे टायर" हा शब्द वेगासाठी असेल तर तिथे मात्र तुम्ही चुकताय. त्या काळी या गाडीला एसआर दर्जाचे रेडियल यायचे. एस म्हणजे ताशी १८० पर्यंत. माझ्या टायरवर ८५टी लिहिलंय: टी म्हणजे १९०, आणि ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो. गाडी एक टनाच्या आत आहे, आणि तिचा वरचा वेग कारखान्याच्या उमेदीच्या दिवसांतही १८० ला पोचत नव्हता. मापाचं म्हणाल तर तेव्हा हिला १५५ किंवा १६५ रुंदीचे, पूर्ण उंचीचे टायर असत. १६५/८० उंचीला त्या दोघांच्या मधोमध बसतो. एवढा नेमका मेळ एका भारतीय हॅचबॅकशी जमावा हा योगच म्हणायचा. आणि इटालियनच हवं असेल तर सिएट हे नाव मूळचं तूरिनचं आहे, १९२४ मध्ये तिथे सुरू झालेल्या, विजेच्या तारा बनवणाऱ्या कंपनीचं. त्यांचा कारखाना आमच्या सातपूरला आहे. माझे टायर त्यांचेच आहेत असं मी म्हणत नाही, कंपनीवरून इथे भांडण पेटवायचं नाहीये.

ट्यूबचा मुद्दा नीट समजावून घ्या, कारण हे वाचून उद्या कुणी अलॉय व्हीलमध्ये ट्यूब घालायला नको. माझ्या चाकाला साठ तारा आहेत. प्रत्येक तारेचं निपल रिममधून आरपार आलेलं असतं, सायकलसारखंच. साठ भोकांतून हवा राहणार कशी? इथे ट्यूब घालावीच लागते. अडाणीपणा ती कशी घालतो त्यात असू शकतो, आणि तो मी बघितलाय. पहिल्या पंक्चरवाल्याने रिमवर पट्टी न लावताच ट्यूब कोंबायला घेतली होती. निपलची टोकं घासून सपाट करायची, वरून रबराची पट्टी ओढायची. टायरच्या आत बारकोडचा कागद चिकटवलेला असतो तो खरवडून काढायचा, नाहीतर त्याची कडा महिनाभरात ट्यूब कापते. मग आतून शंखजिऱ्याची पूड, आणि ट्यूब रेडियलचीच. आधी थोडी हवा भरून पूर्ण सोडायची, म्हणजे चुण्या सुटतात, मग परत भरायची. हे सगळं मी शेजारी स्टूल टाकून करून घेतलं. त्या पोराला वाटलं असणार, माणूस वेडा आहे.

एक धोका मात्र खरा आहे, आणि तुम्ही तो लिहिला नसतात तरी मी लिहिणार होतो. ट्यूबलेसमध्ये खिळा गेला तर हवा सावकाश उतरते, ट्यूब फुटली की एकदम जाते. म्हणून ही गाडी ऐंशीच्या वर मी नेत नाही.

बॅलन्सिंगची गंमत तर राहिलीच. तारांचं चाक हबवर बसतं ते आतल्या आणि बाहेरच्या उतरत्या कडांवर. मधले दाते फक्त फिरवण्याचं काम करतात. दुकानातल्या मशीनवर चाक धरणारा शंकू त्या दात्यांनाच टेकतो, मग चाक मुळातच तिरकं पकडलं जातं आणि मशीन प्रामाणिकपणे चुकीचं उत्तर देतं. एकाच चाकाला लागोपाठ तीनदा तीन वेगळे आकडे आले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सातपूर एमआयडीसीत एका लेथवाल्याला चाक नेऊन दाखवलं. त्याने बोट फिरवून कडेचा उतार पाहिला, काही बोलला नाही, वहीत चित्र काढलं. दोन दिवसांनी लोखंडाचे दोन शंकू हातात ठेवले, आतला एक, बाहेरचा एक. त्यानंतर तिन्ही वेळा एकच आकडा. आता स्टिअरिंग सत्तरला थरथरत नाही. तुमच्याकडे तारांची चाकं असतील आणि थरथर जात नसेल, तर टायरला शिव्या देण्याआधी हे बघा.

हवेचं थोडक्यात: हिच्या पुस्तिकेत पुढे २१, मागे २४ पीएसआय आहे. पंपावरचा मुलगा न विचारता ३५ भरतो. इतक्या हलक्या गाडीत ३५ म्हणजे रस्त्यावरचा खडा न् खडा मणक्यात. मी पुढे २४, मागे २६ ठेवतो, आणि टायर रिमवर सरकत नाही ना हे कळायला दोघांवर मिळून खडूची एक रेघ मारून ठेवली आहे. रेघ तुटली तर व्हॉल्व्ह वाकायला लागलाय असं समजायचं.

एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगतो. डिकीतली स्टेपनी अजून त्या २३०९ मधलीच आहे. चौघांतला त्यातल्या त्यात बरा तिथे ठेवला, कारण पाचव्या टायरचे पैसे त्या महिन्यात नव्हते आणि या महिन्यातही नाहीत. त्यावरून मात्र खुशाल बोला.