कूलर दुरुस्त करून घेण्याची मराठवाडी पद्धत

‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ हे आम्ही लहानपणापासून छाती फुगवून सांगत आलो. अर्थ विचारला की मात्र ततपप होतं. मला तो यंदाच्या मे महिन्यात सापडला. थंड मुलखात घर गरम करायला तळघरात एक भट्टी असते म्हणे. ती ऐन बर्फात बंद पडते आणि दुरुस्तीवाला नुसतं येऊन बघण्याचेच पैसे लावतो. आमच्याकडं भट्टी वेगळी बसवावी लागत नाही. स्लॅबचं घर, पश्चिमेची भिंत आणि मे महिना एवढ्या सामानात भागतं, आणि ती कधी बंदही पडत नाही. बंद पडतो तो कूलर, तोही पारा बेचाळीसवर गेला की. नाडले जाण्यात तरी आपण जर्मनीच्या बरोबरीला आहोत.

तेव्हा ज्यांना कूलरच्या दुरुस्तीवर होईल तेवढा जास्त खर्च करायचा आहे, त्यांनी हे वाचावं. बाकीच्यांनी फेब्रुवारीतच दुकान गाठलेलं असेल, त्यांचा आपला संबंध नाही.

फेब्रुवारीत मिस्त्री दुकानात बसून पेपर वाचत असतो. मोटरला तेल, बुश, पात्याचे स्क्रू हे सगळं तो तेव्हा चहा पीत पीत करून देतो आणि वर भावही करू देतो. अशा निवांत माणसाला त्रास देऊ नये. पाडवा जाऊ द्यावा, आखाजी जाऊ द्यावी. रात्री दोन वाजता उशी उलटी करूनही गरमच लागायला लागली की सकाळी कूलर रिक्षात घालून निघावं. दुकानासमोर तोवर रांग लागलेली असते. प्रत्येक पत्र्यावर खडूनं नाव असतं: ‘बँकवाले काका’, ‘हिरवा कूलर’, ‘बाईंचा अर्जंट’. माझ्याही कूलरवर त्यानं ‘सर – अर्जंट’ लिहिलं. मी खूश झालो. मग रांगेवर नजर टाकली, तर अर्जंट नाही असा एकही कूलर नव्हता.

आता कपॅसिटरचं बघा. पंखा नुसताच गुरगुरतो, फिरत नाही, पण काडीनं ढकललं की सुटतो, तेव्हा बहुतेक वेळा अडीच मायक्रोफॅरडचा एक डबीएवढा कपॅसिटर म्हातारा झालेला असतो. साठ-सत्तर रुपयांचा मामला. पण साठ रुपये म्हणजे काय झाडाला लागतात? त्यापेक्षा खराट्याची एक काडी कूलरच्या डोक्यावर कायमची ठेवावी. आमच्या घरी ती दीड महिना होती. पाहुण्यांनासुद्धा कुठून टोचायचं ते पाठ झालं होतं. एका दुपारी सगळे झोपलेले असताना लाईट गेली आणि आली. काडी मारायला कोणी जागं नव्हतं. मोटर जागच्या जागी गुरगुरत तापत राहिली आणि जळक्या वार्निशच्या वासानं आम्ही उठलो.

“वायंडिंग गेलं सर,” मिस्त्री म्हणाला. “काडी मारत होते का?”

मी नाही म्हणालो. त्यानं जाळीत अडकलेला काडीचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. नऊशे रुपये.

नऊशे का, हे विचारायच्या भानगडीत पडू नका. वायंडिंगला, म्हणजे मोटरच्या आतल्या वेटोळ्यांना, तार तांब्याची भरणार की ॲल्युमिनियमची, हे तर मुळीच विचारू नका. विचारलं की तो वजन करून दाखवतो, जुनी तार परत देतो, आणि मग फसवल्याचा जो आनंद चारचौघांत सांगायचा असतो तो हातचा जातो.

पाण्याचा विषय निघाला की मी जरा हळवा होतो. नळ आठ-दहा दिवसांनी येतो, म्हणून कूलरला बोअरचं पाणी. आपल्या काळ्या पाषाणातून वर येणारं हे पाणी पातेल्याच्या बुडाशी चुना लावतं, ते कूलरला कसं सोडेल? टाकीतलं पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत. वरून रोज भर घातली की टाकीत उरतं ते दिवसेंदिवस जास्त खारट. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण ओतून घासून काढली तर हे होत नाही. पण पाणी ओतून द्यायचं? मराठवाड्यात? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. मोठा पत्र्याचा कूलर भर दुपारी तासाला दहा लिटर सहज पितो. दहा तास चालवला तर शंभर लिटर. म्हणजे ती अख्खी गाडी पाच हजार कूलरांनी एका दिवसात संपवली असती, माणसांना घोटभरही न देता. हा हिशेब केल्यापासून मला कोणी टाकी धू म्हटलं की मी दुष्काळाकडं बोट दाखवतो. गवत पापडासारखं कडक होतं, पंपाच्या तोंडाशी खडू जमतो, पंप कोरडा फिरून जळतो. साडेतीनशे रुपये. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवला असता तर निघालं असतं, असं बायको म्हणाली. पंप फेकून दिल्यावर म्हणाली.

टाकीत आठ-दहा दिवस पाणी तसंच राहिलं तर डेंग्यूचे डास अंड्यातून बाहेर पडून उडायलाही लागतात. पण तो खर्च दवाखान्याच्या खात्यात जातो, कूलरच्या नाही.

कूलर चालू केला की दारं-खिडक्या गच्च लावून घ्याव्यात. गार हवा बाहेर जाऊ देणं म्हणजे शेजाऱ्याची चैन. तासाभरात अंगाला चिकचिक सुटते, चादर ओलसर लागते, कॅलेंडर वाकतं. मग मिस्त्रीला घरी बोलवावं. आमच्याकडं तो आला, कूलरला हातही न लावता समोरच्या भिंतीची खिडकी उघडली. “ओल बाहेर गेली पाहिजे ना सर. कोरडी हवा आत आली तर पाणी उडंल, पाणी उडलं तर गार होईल.” पाच मिनिटांत खोली खरोखर गार. बेचाळीसची हवा जाळीतून सत्तावीस-अठ्ठावीसनं येत असेल. पैसे विचारले तर म्हणाला, “कशाचे?” चहा घेऊन गेला. मला काही चैन पडेना. पैसे न घेणाऱ्याचं निदान खरं कसं मानायचं? दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानातून चांगला चालणारा पंप बदलून आणला आणि खिडकी लावून घेतली.

करंटवर मात्र खर्च करू नये, इतकी वर्षं कुणी केलेला नाही. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन छाटलेली, कारण बोर्ड जुना. झटका लागला की घरातले म्हणतात, “चप्पल घालून पाणी टाक.” ही आमची अर्थिंग. एमसीबी, म्हणजे जादा करंट ओढला की आपोआप पडणारा खटका, बसवलाय म्हणून निर्धास्त असाल तर राहा. तो वायरींना जपतो, माणसाला नाही. माणसासाठी तीस मिलिअँपिअर करंट गळला की तुटणारा खटका, म्हणजे आरसीसीबी लागतो आणि तो दोन-अडीच हजारांना पडतो. तेवढ्यात सात पंप येतात. दर उन्हाळ्यात पेपरात कूलरला चिकटून माणूस गेल्याची बातमी असते. आपण ती कूलरसमोर बसूनच वाचतो.

दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर गेली की नवं घ्यावं, असा परदेशात त्या भट्ट्यांचा एक हिशेब आहे. आपण तो कसोशीनं पाळतो. सहा हजारांचा कूलर. पंप साडेतीनशे, तोच पुन्हा साडेतीनशे, गवत अडीचशे, वायंडिंग नऊशे, तळाला वेल्डिंग तीनशे, पातं चारशे, रिक्षा जाऊन-येऊन सहाशे. एक तरी आकडा तीन हजारांच्या वर गेला का?

वेल्डिंगला टाकलेला कूलर ‘उद्या या’ करत तीन आठवडे दुकानासमोर राहिला. फोन आला तो मृगाच्या पहिल्या सरीत. “सर, तुमचं अर्जंट झालं. घेऊन जा, भिजायलंय.” पोत्याखाली झाकून घरी आणला आणि जागा नव्हती म्हणून गच्चीवर ठेवला. सकाळी वर जाऊन पाहिलं तर टाकी काठोकाठ भरलेली. वेल्डिंग पक्कं होतं, थेंब गळत नव्हता.