'मेकॅनिक हे कधीच सांगणार नाही' हा फॉरवर्ड जपून ठेवू नका

तो मेसेज परत फिरायला लागलाय. "गाडीचे 7 बिघाड घरच्या घरी 5 मिनिटांत बरे करा, मेकॅनिक हे तुम्हाला कधीच सांगणार नाही." सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेला, मग आमच्या काकांनी फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, अतिशय उपयुक्त. गाडीला घरी हात लावूच नये असं माझं म्हणणं नाही, बरंचसं मी स्वतःच करतो, म्हणूनच तो मेसेज वाचून डोकं फिरलं. त्यातले दोन उपाय जिवावर बेतणारे आहेत, काही खिशाला चाट लावणारे, आणि एखादा बरा. एकेक घेऊ.

पहिला उपाय: गाडी तापली की लगेच रेडिएटरचं झाकण उघडून थंड पाणी ओता. अरे बाबांनो, ते झाकण म्हणजे नुसतं बूच नाही, कूलिंग सिस्टीममध्ये साधारण 1 बारचा दाब धरून ठेवायचं काम ते करतं आणि त्या दाबामुळे आतलं पाणी 100 ला न उकळता 120 डिग्रीच्या आसपास जाईपर्यंत तग धरतं. झाकण फिरवलं की दाब गेला, आणि त्यातल्या काही पाण्याची एका क्षणात वाफ होऊन ती उकळत्या पाण्यासकट तोंडावर येते, कुकरची वाफ न जिरवता झाकण ओढल्यासारखं. फडकं धरून उघडलं तरी हात भाजतोच. शिवाय तापलेल्या अॅल्युमिनियमच्या हेडवर (इंजिनचा वरचा भाग) अचानक गार पाणी पडलं तर हेड बेंड होऊ शकतं किंवा त्याला तडा जाऊ शकतो, मग गॅस्केट, फेसिंग, आणि बिलाचा आकडा तुम्हीच बघा.

मग कसाऱ्याला किंवा खंबाटकीला चढताना काटा वर गेला तर काय करायचं? एसी बंद, हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल (घामाघूम व्हाल, पण इंजिनची उष्णता केबिनमध्ये निघून येते), आणि सुरक्षित जागा दिसली की बाजूला घेऊन इंजिन बंद. काटा लालमध्येच गेला असेल किंवा बोनेटमधून वाफ येत असेल तर हीटरबिटर सोडा, आधी थांबा. निदान अर्धा तास झाकणाला हात नाही. रेडिएटरचा वरचा जाड होज हाताला नीट गार लागला की मगच झाकण, तेही कापड धरून हळूहळू. आणि खरा प्रश्न पुढेच आहे, गाडी तापली का? होज फुटला, वॉटर पंपाशी गळतंय, फॅनचा फ्यूज किंवा रिले उडालाय, की थर्मोस्टॅट अडकलाय? रस्त्यात नाइलाज म्हणून साधं पाणी घाला, पण नंतर कूलंट भरा, कारण बोअरचं पाणी आत खार धरतं. जाता जाता, एसी लावल्यावर गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकतं ते गळती नव्हे, ते ठिबकायलाच हवं. हिरवं, गुलाबी, बोटाला चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट. चव बघू नका, विषारी असतं.

दुसरा उपाय: अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) चालतोय का बघायला चालू गाडीत बॅटरीचा निगेटिव्ह काढा, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर खराब. हा जुन्या गाड्यांच्या जमान्यातला फंडा आहे आणि अजून कित्येक गॅरेजवाले तो करतात हे त्याहून वाईट. बॅटरी व्होल्टेजचे झटके पोटात घेते, ती काढली की तोच झटका ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, बसू शकतो आणि ईसीयूची किंमत ऐकलीत तर खाली बसाल. स्वस्तातला मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, 12 किंवा खाली म्हणजे उतरलेली, आणि चालू गाडीवर 13.8 ते 14.4 म्हणजे अल्टरनेटर ठीक. काही नव्या गाड्या चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, तेव्हा दिवे लावून परत बघा. सेल्फ मारल्यावर टिकटिकटिक झालं तर बहुतेक बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे, एकदाच ठक्क होऊन गप्प झाली तर सेल्फ मोटरवर संशय घ्या.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी कोल्ड्रिंकने निघते म्हणे. निघते, खोटं नाही, पण मागे चिकट साखर राहते. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, आधी निगेटिव्ह काढायचा आणि लावताना शेवटी लावायचा. कोरडं झालं की वर थोडं पेट्रोलियम जेली. झालं.

ब्रेक कुईं कुईं करतात म्हणून डिस्कवर तेलाचा स्प्रे मारा असं लिहिणाऱ्याला मला भेटायचंय. आवाज जाईल हो, पण त्याबरोबर ब्रेकही जातील. पॅडने तेल प्यायलं की ते बदलावेच लागतात. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर पातळ गंज येतो, तो पहिल्या चार-पाच ब्रेकांत घासून जातो. रोज किंचाळत असेल तर पॅड संपत आल्याची पत्री घासत असेल, चाक काढून बघा किंवा दाखवा.

रोज सकाळी 10 मिनिटं गाडी उभ्याउभ्या चालू ठेवा, हा उपाय चोक ओढायच्या जुन्या पद्मिनी गाडीच्या काळातला. इंजेक्शनच्या गाडीला अर्धा मिनिट पुरतं, पुढचे दोन-तीन किलोमीटर पाय हलका ठेवा.

इंजिनचा पिवळा दिवा लागला तर बॅटरी काढून परत लावा, दिवा जातो. जातो खरा, सोबत आत साठवलेला बिघाडाचा कोडही जातो आणि मेकॅनिककडे दाखवायला काही उरत नाही. स्टीअरिंगच्या खाली सॉकेट असतं, त्यात लावायचा ब्लूटूथ स्कॅनर मिळतो, तो आधी कोड वाचतो. पी0300 आला तर मिसफायर, म्हणजे प्लग आणि कॉइलपासून सुरुवात. दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जळतो. आणि तेलाच्या बुधलीचा लाल दिवा दिसला तर घर कितीही जवळ असो, जागच्या जागी इंजिन बंद.

शेवटचा म्हणजे पावसाळ्याचा: पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारत राहा, सायलेन्सरमधून पाणी शिरणार नाही. पाणी बहुतेकदा सायलेन्सरमधून नाही तर एअर फिल्टरच्या वाटेने सिलिंडरमध्ये जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सेल्फ मारला किंवा धक्का मारून चालू करायला गेलात की पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. 26 जुलै 2005 ला मुंबईत पाण्यात अडकलेल्या गाड्यांची गोष्ट घरातल्या मोठ्यांना विचारा. साध्या पॉलिसीत असं इंजिनचं नुकसान बहुतेक बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं अॅड-ऑन वेगळं घ्यावं लागतं, आणि तरी सेल्फ मारत बसलात तर क्लेम अडकायची शक्यता असतेच. तेव्हा चावी बंद, गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बाहेर काढा, एअर फिल्टरचा डबा उघडा. कागद ओला दिसला तर गाडी टोइंगवरच गॅरेजला जाईल, ऑटोमॅटिक असेल तर पूर्ण उचलून नेणारी क्रेन मागवा.