गर्दी कुठून आणणार?

कामगार पुढाऱ्याचं आयुष्य एकपात्री नाटकात उत्तम बसतं, असं एका लेखात वाचलं; ते मत मला अर्धंच पटलं. पुढारी म्हणजे समोरची गर्दी, आणि एकपात्रीत नेमकी तीच नसते. नट मुठी आवळून दीड तास घोषणा देत राहिला तर तो पुतळा वाटतो, माणूस नाही.

मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे घ्या. 1884 मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा, साडेपाच हजार सह्यांचं निवेदन, पुढे 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळाली. हे सगळं भाषणात उरकता येतं, पण त्यात नाटक कुठंय? मला ते ‘दीनबंधु’ या वृत्तपत्राचा मजकूर लिहिणाऱ्या, गिरणीत स्वतः स्टोअरकीपरची नोकरी केलेल्या माणसात दिसतं. शेवटी 1897 च्या प्लेगात आजाऱ्यांसाठी राबताना तेही प्लेगनेच गेले. एक टेबल, एक कंदील आणि बाहेर गिरणीचा भोंगा, एवढं पुरे.

आणि गर्दीचं म्हणाल तर प्रेक्षकांनाच कामगार समजून बोला ना! फक्त त्यांना घोषणा द्यायला लावू नका, फार अवघडल्यासारखं होतं.